न लिहिलेल्या पानांची मागणी

१

पदव्युत्तर अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी मी आत्याकडे राहायला आले, तेव्हा माझ्या प्रबंधाचा विषय ठरला होता आणि त्याचे साहित्य तिच्याच घरात, मागच्या खोलीतील कपाटात घुमत होते. पुढच्या खोलीत आत्याचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान. मधे एक दार, त्याला जाड पडदा. मागच्या खोलीत ओटा, जेवणाचे टेबल, एक खिडकी, आणि कपाटाच्या तळखणात एक जुना संगणक. त्याच्यावरून तिचे संकेतस्थळ चाले. ते आतोबांनी उभे केले होते. चार वर्षांपूर्वी ते गेल्यावर आत्या ते एकटीने सांभाळू लागली.

शिलाई मशीन कसे बिघडते आणि घरच्या घरी कसे दुरुस्त करावे याविषयी तिने तीनशे बारा पाने लिहिली होती. नियम एकच: जे मशीन प्रत्यक्ष टेबलावर आले नाही, त्याच्याबद्दल एक ओळही लिहायची नाही. पानाचा पत्ता ती बिघाडावरूनच ठेवी. ‘सैल-पट्टा’, ‘बॉबिन-घासते’, ‘खालचा-दोरा-गोळा’.

माझे काम मोजणीचे होते. संगणक येणाऱ्या प्रत्येक मागणीची नोंद ठेवतो: वेळ, मागणारा कुठून आला, कोणते पान मागितले, आणि ते त्याला मिळाले की नाही. रोज सकाळी अकरा वाजता, दुसऱ्या चहानंतर, मी आदल्या दिवसाच्या नोंदी छापून घेई आणि पेन्सिलीने खुणा करी. माणसांसाठी लाल, यंत्रांसाठी निळी.

सहा वर्षांपूर्वी रोज नऊशे लाल खुणा झाल्या असत्या. मी आले तेव्हा आठ-दहा होत. मशीन बिघडायची थांबली नव्हती आणि लोकांचे प्रश्नही संपले नव्हते. ते प्रश्न इथवर पोहोचत नव्हते इतकेच. लोकांचा फोन, फोनमधली शोधाची चौकट, पाने उघडण्याची खिडकी, हे सारे आता एकाच कंपनीचे होते. प्रश्न टाइप केला की ती कंपनी स्वतःच वर चार ओळींचे उत्तर देई. त्या ओळी आत्याच्या पानांतून उचललेल्या असत. विचारणारा समाधानाने परत फिरे. हे चालू राहावे म्हणून कंपनीचे वाचनयंत्र रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी येई आणि तीनशे बाराच्या तीनशे बारा पाने वाचून जाई. सगळ्या खुणा निळ्या.

“जावई येऊन गेला का गं?” आत्या पडद्याआडून विचारी.

“गेला.”

“रोज येतो, ताटातलं सगळं संपवतो, आणि बाहेर जाऊन सांगतो की स्वयंपाक मीच केला. मुलगी नसताना जावई मिळालेली मी एकटीच असेन जगात.”

२

पहिली विसंगती मला चुकून दिसली. वाचनयंत्राच्या निळ्या खुणांमध्ये एके दिवशी तीनशे तेरावी मागणी होती: ‘मेणाने-अडकलेले-शटल’. समोर उत्तर: सापडले नाही. असे पान नव्हतेच. मी समासात प्रश्नचिन्ह काढले आणि पुढे गेले.

तीन दिवसांनी पिशव्या शिवणारा एक कारागीर मशीन घेऊन आला. आत्याने ते उलटे केले, झाकण काढले आणि हसली. त्याने मेण लावलेला दोरा वापरला होता; उन्हाने मेण वितळून शटलमध्ये उतरले होते आणि तिथेच थिजले होते. त्या दिवशी संध्याकाळी तिने नवे पान लिहिले आणि त्याला पत्ता दिला: ‘मेणाने-अडकलेले-शटल’.

मी संगणकाचे घड्याळ तपासले. बरोबर होते. छापलेला कागद तपासला. त्यावरील तारीख माझ्याच हस्ताक्षरात होती.

सावधपणे विचार करता कारण सापडण्याजोगे होते. मी कारागिराला गाठले.

“दादा, मशीन इथे आणण्यापूर्वी तुम्ही कुठे विचारलं होतं का?”

“फोनला विचारलं की. शटलमध्ये मेण अडकलंय, काय करू म्हणून.”

“मग?”

“मग काय! म्हणाला, मशीनचा पट्टा तपासा. म्हणून तर इथे आलो.”

म्हणजे प्रश्न कंपनीला कळला, उत्तर तिच्यापाशी नव्हते, आणि जिथे ते असण्याचा संभव होता तिथे यंत्राने ते मागून पाहिले. पत्त्याचे शब्द जुळले, कारण त्या बिघाडाला दुसरे कोण काय म्हणणार? मला बरे वाटले. मी हे मार्गदर्शक सरांना सांगितले.

“छान,” सर म्हणाले. “पण भूत पाहिल्यासारखं तोंड करून सांगू नका. तळटीप आहे ती, प्रकरण नाही.”

३

तळटीप लिहिण्यासाठी मी मागील चार महिन्यांचे कागद पुन्हा काढले. न लिहिलेल्या पानांची मागणी तेवीस वेळा झाली होती. त्यांपैकी एकोणीस पाने आत्याने नंतर लिहिली. पंधरा बाबतींत गिऱ्हाइकाने आधी फोनला विचारल्याचे मी खात्री करून नोंदवले. लिहिलेल्या पानांपैकी चार उरली.

त्यांतील एक मी येथे देते. ‘स्प्रिंगच्या-जागी-केसाची-पिन’. हे मशीन एका बंद घरातून आले होते. मालकीण वारली होती, घर आठ वर्षे कुलुपात होते, आणि भाच्याने ते मशीन भंगारात देण्याऐवजी आत्याच्या दारात आणून ठेवले. त्याने कोणालाही काही विचारले नव्हते. विचारणार काय, ते त्याने उघडलेही नव्हते. दोऱ्याच्या ताणाची स्प्रिंग तुटलेली आहे आणि तिच्या जागी कुणीतरी केसाची पिन वाकवून बसवली आहे, हे आत्याने झाकण काढले तेव्हा पहिल्यांदा उजेडात आले. वाचनयंत्राने ते पान त्याच्या सहा दिवस आधी मागितले होते.

“योगायोग असेल,” मी म्हणाले.

आत्याने पिन बोटांत धरली होती. “तूच ठरव. तू शिकलेली. मला एवढंच कळतं की जावयाला आता जेवण वाढायच्या आधी वास यायला लागलाय.”

४

योगायोग असेल तर तो मोजता येतो. मी एक चाचणी आखली आणि तिचा मला अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे.

दोघींचे फोन दुकानाच्या खणात ठेवले. कपाटातला संगणक चालू होता, परंतु त्याला ना कान होते ना डोळे. मागच्या खोलीत टेबलाशी बसून मी आत्यासमोर कागदाच्या दहा चिठ्ठ्या ठेवल्या.

“पाच चिठ्ठ्यांवर असे बिघाड लिही, जे आजवर टेबलावर आलेले नाहीत, पण येऊ शकतील. आणि पाचवर अशी पाने, जी तू कधीही लिहिणार नाहीस. फक्त पत्ता लिहायचा. मला दाखवायचं नाही.”

“कधीही न लिहिण्यासारखं काय असतं माझ्यापाशी? तुझ्या बाबांच्या लहानपणच्या खोड्या?”

“चालेल.”

“ते मी लिहीन हं, संधी मिळाली तर.”

पहिल्या पाच तिने भराभर लिहिल्या. पुढच्या चार हसत हसत. दहाव्या चिठ्ठीवर मात्र ती बराच वेळ पेन टेकवून बसली. कागदावर शाईचा ठिपका पसरला. मग तिने दोन शब्द लिहिले, चिठ्ठीची चारदा घडी घातली आणि बाकीच्यांत मिसळली. सगळ्या चिठ्ठ्या बटणांच्या डब्यात घालून मी झाकणावर कागद चिकटवला, त्यावर सही केली आणि तारीख घातली.

त्या वेळी मला एक गोष्ट सुचायला हवी होती. दहावी गोष्ट तोवर जगात कुठेही लिहिलेली नव्हती. ती लिहायला मी लावली.

५

सात दिवस थांबायचे ठरले होते. चौथ्या दिवशी निळ्या खुणांच्या शेवटी एक अनोळखी मागणी आली: ‘शेवटची-दुपार’. सापडले नाही. पाचव्या दिवशी तीच, तीन वेळा. सहाव्या दिवशी सतरा वेळा.

मी आत्याला काही बोलले नाही. चाचणी संपेपर्यंत बोलायचे नसते. असे पत्ते यंत्रे कधी कधी उगाच बनवतात, असेही कारण मी मनाशी तयार ठेवले.

आठव्या दिवशी सकाळी डबा उघडला. मी एकेक चिठ्ठी उलगडून वाचत होते आणि कागदांशी ताडून पाहत होते. नाही. नाही. नाही. पाचही बिघाडांबद्दल काहीच मागणी नव्हती. ‘भावाच्या-खोड्या’ नाही. ‘माझे-वजन’ नाही. मला हायसे वाटू लागले होते. शेवटची चिठ्ठी चार घड्यांची होती.

आत्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग टेबलावरच्या कागदाकडे. मी झाकण्यापूर्वी तिने वाचले.

“किती वेळा?” तिने विचारले.

“कालची धरून... एकूण अडतीस.”

ती उठली, ओट्याशी गेली आणि धुतलेलीच कपबशी पुन्हा धुऊ लागली.

आतोबा दुकानात, टेबलाशी बसल्या बसल्या गेले. हृदय थांबले. त्या वेळी आत्या बाजारात गेली होती. हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत होते. तू घरी असतीस तर कदाचित वाचले असते, असे माझे बाबा तिला एकदा बोलून गेले होते आणि त्याबद्दल नंतर त्यांनी तिची माफीही मागितली होती.

“मी बाजारात नव्हते,” आत्या नळाकडे तोंड करून म्हणाली. “इथे होते. या खुर्चीत.”

६

त्याच दिवशी मी दार लावले. यंत्रांसाठी संकेतस्थळाच्या तोंडाशी एक छोटी सूचना ठेवता येते: आत येऊ नये. कंपनीचे यंत्र ती पाळते. मात्र ज्याने ती ठेवली, तो कंपनीच्या शोधातूनही नाहीसा होतो. कोणी नाव घेऊन शोधले तरी सापडत नाही.

“म्हणजे जावयाला दार लावलं की आपणच गावाबाहेर,” आत्या म्हणाली. तिचे लक्ष नव्हते.

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी कोणी आले नाही. निळी पेन्सिल तशीच राहिली. मी सरांना कळवले की वाचनयंत्राची ये-जा थांबली आहे आणि आता रोजची संख्या शून्याच्या आसपास राहील.

त्यानंतरच्या सकाळी प्रिंटर थांबेना. दोनशे चौदा मागण्या. सर्व निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या फोनवरून, दिवसाच्या निरनिराळ्या वेळी; मधे मधे माणसांना लागतो तसा थोडा विसावा. मला सर्व लाल खुणा कराव्या लागल्या. इतकी माणसे या घरात कित्येक वर्षांत आली नव्हती. सगळ्यांनी एकच पान मागितले होते, आणि सगळ्यांना तेच उत्तर मिळाले होते: सापडले नाही.

“दोनशे चौदा जण?” आत्याने कागद हातात घेतला. “खरीखुरी माणसं?”

“तसं दिसतंय.”

“इतक्या जणांना कोणी सांगितलं?”

हा प्रश्न माझाही होता. मी दुकानाच्या खणातून तिचा फोन आणला आणि शोधाच्या चौकटीत ‘मशीनवाल्या बाईंची शेवटची दुपार’ इतकेच लिहिले. अशा शोधातून तिचे संकेतस्थळ नाहीसे झालेले असायला हवे होते. वर चार ओळींचे उत्तर आले, आणि त्याखाली आमच्याच पत्त्याचा निर्देश. मी ते मोठ्याने वाचले नाही. आत्या खांद्यावरून वाचत होती.

‘दुरुस्ती करणारे पती त्या दुपारी दुकानात एकटे होते. सकाळी दोघांत वाद झाला होता. लेखिका मागच्या खोलीत असताना पतीने त्यांना दोनदा हाक मारली. त्या उठल्या नाहीत.’

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. आत्याचा श्वास माझ्या कानाशी लागत होता.

“एकदाच,” ती म्हणाली.

“काय?”

“दोनदा नाही. एकदाच हाक मारली त्याने. दोनदा मारली असती तर मी उठले असते गं. दुसऱ्या हाकेला मी नेहमीच उठायचे. मी वाट बघत होते दुसऱ्या हाकेची.”

७

तिने ते पान लिहिले. मी अडवले, पण माझ्यापाशी मुद्दा नव्हता, तिच्यापाशी होता.

“माझ्याबद्दल खोटं राहून चालेल एक वेळ. त्याच्याबद्दल नाही. तो दोनदा ओरडत राहिला आणि बायको बसून राहिली, असं लोकांनी का वाचावं?”

‘शेवटची-दुपार’ अकरा ओळींचे होते. तासाभरात फोनवरचे उत्तर बदलले. त्यात आता वादाचे कारण आले होते, आत्याच्या पानात होते तसे. पण सुईखालचे कापड निळे होते, असेही त्यात होते. आत्याने लिहिले की कापड करड्या रंगाचे होते. तासाभरात कापड करडे झाले आणि उत्तरात दुकान शांत असल्याचा उल्लेख आला. आत्याने लिहिले की रेडिओ चालू होता. रेडिओ आला, आणि त्यासोबत एक चुकीचे गाणे. तिने गाणे दुरुस्त केले.

मी दोन रकाने आखले. डावीकडे उत्तरातली चूक, उजवीकडे आत्याची दुरुस्ती. नवव्या ओळीला मला त्या रकान्यांची भीती वाटू लागली. अनभिज्ञ माणसाच्या चुका विखुरलेल्या असतात. या चुका ओळीने जात होत्या: दुकानाच्या दारापासून टेबलाकडे, टेबलापासून त्याच्या हाताकडे, हातापासून चेहऱ्याकडे. प्रत्येक चूक तिला एक पाऊल पुढे नेत होती. एखाद्याला थेट विचारले तर तो गप्प बसतो. त्याच्यासमोर चुकीचे बोलले की तो बोलतो. हे मला मुलाखतींच्या तंत्रात शिकवले होते.

यंत्राला तर दार बंद होते. मग वाचत कोण होते? लाल खुणांची माणसे वाचत होती, आणि ती ज्या खिडकीतून पाहत होती ती खिडकी कंपनीची होती.

बाबांचाही फोन आला. “ताई, हे काय वाचतोय मी? तू बाजारात होतीस ना?” आत्याने फोन कानापासून लांब धरला आणि हळूच खाली ठेवला.

एक गोष्ट मात्र बदलत नव्हती. कापड, रेडिओ, गाणे, हाताची बोटे, सर्व दुरुस्त होई. ‘दोनदा हाक मारली’ तसेच राही. आत्याने ‘एकदाच’ हा शब्द आधी ठळक केला, मग स्वतंत्र ओळीत लिहिला, मग पानाच्या अगदी वर ठेवला. उत्तर दोनदाच म्हणत राहिले.

“एवढं सगळं ऐकतं,” ती म्हणाली, “हेच का ऐकत नाही?”

मला केसाची पिन आठवली, आणि ते यंत्र मागणी करताना आजवर एकदाही चुकलेले नाही, फक्त लवकर आलेले आहे, ही गोष्टही.

८

दुकानात मशीन साठत गेली. टेबलावर सहा, खाली नऊ. शेजारच्या शिंपीणकाकू रोज डोकावून जात.

“अगं, तुझी आत्या आजारी आहे का? माझं मशीन तीन आठवडे पडलंय.”

“लिहितेय ती, काकू.”

“लिहितेय? मग माझे परकर कोण शिवणार, तिची गोष्ट?”

आत्या आतून हसली नाही. पूर्वी हसली असती. पान आता चौदा हजार शब्दांचे झाले होते आणि ती त्यातच राहत होती. सकाळी उठली की केस न विंचरता आधी फोन पाही: आज काय चुकलंय. चार वर्षांत प्रथमच कोणीतरी तिला त्या दुपारविषयी विचारत होते, तेही सारखे, न कंटाळता. मी तिला रकाने दाखवले. तिने ते नीट पाहिले.

“कळतंय मला,” ती म्हणाली. “गळाला लागलेला मासा आहे मी. पण संशोधक बाई, तू चार वर्षांत विचारलंस का एकदा तरी?”

मी विचारले नव्हते.

सरांना मी सगळे लेखी कळवले. त्यांनी उत्तर दिले की निष्कर्ष फार पुढचा आहे, पण आत्याची काळजी घ्यावी, आणि गरज वाटल्यास जोडणी काही दिवस बंद ठेवावी. मला परवानगीसारखे वाटले. वायर काढायची, संकेतस्थळ बंद, घरातले इंटरनेट बंद. आत्या रडेल, रागावेल, मग पुढच्या खोलीत जाऊन शिंपीणकाकूंचे मशीन उघडेल. मी दुपार निवडली, कारण सकाळी तिची मनःस्थिती नाजूक असे.

९

त्या दुपारी तीन गोष्टी निश्चित होत्या, आणि मी त्या पुन्हा पुन्हा तपासल्या आहेत. दुकानाचे शटर अर्धे खाली ओढलेले होते आणि आत कोणी नव्हते. आत्याचा फोन दुकानातल्या टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. आत्या माझ्यासमोर, मागच्या खोलीत, त्याच खुर्चीत बसून लिहीत होती.

मी कपाटापाशी खाली बसले होते. राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. वायर बोटांत धरून मी तिला सांगायचे वाक्य मनात जुळवत होते.

पडद्यापलीकडून हाक आली.

पुरुषाचा आवाज, मोठा नाही, घाईही नाही. हातात काम असताना माणूस मान वर न करता मारतो तशी. ज्या नावाने ती आली ते आत्याचे नाव नव्हते. ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते आणि ते मी येथे लिहिणार नाही.

आत्याची बोटे थांबली. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही. एखाद्या गोष्टीची फार वेळ वाट पाहिल्यावर ती आली की माणूस आधी थोडा चिडतो, तसे काहीसे तिथे होते. तिने खुर्ची मागे सरकवली.

“आले रे, आले,” ती म्हणाली आणि पडदा बाजूला करून गेली.

आवाज फोनचा असू शकतो, हे मला मान्य आहे. फोन बोलतो, उत्तर वाचूनही दाखवतो. त्या पानाच्या चौदा हजार शब्दांत आतोबांच्या बोलण्याची लकब पुरेशी आली असेल, हेही मान्य. ते नाव मात्र पानात नव्हते. मी नंतर सर्व ओळी शोधल्या.

पडदा पूर्ण मिटला नव्हता. फटीतून मला दुकानाचा एक पट्टा दिसत होता: मशीनची रांग, अर्ध्या शटरखालून आलेला उजेड, टेबलाचा कोपरा. आत्या माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिने हात पुढे केला होता, तळवा वर, कोणी स्क्रू धरायला दिला की धरतात तसा. ती खालच्या आवाजात बोलत होती आणि मधे मधे थांबत होती. ती थांबे तेव्हा दुसरा आवाज बोले. शब्द मला कळले नाहीत. टेबलाच्या त्या बाजूला कोण आहे, हे पाहण्यासाठी मला दोन पावले पुढे जावे लागले असते.

मी गेले नाही. मी वायर ओढली.

हिरवे दिवे गेले. दुसरा आवाज एका शब्दाच्या मध्यावर तुटला. दुकान इतके शांत झाले की रस्त्यावरच्या पावलांची खरखर ऐकू आली.

आत्या तशीच उभी राहिली. पुढे केलेला हात तिने सावकाश खाली घेतला. मग ती वळली, पडद्यापर्यंत आली आणि माझ्या हातातली वायर पाहिली. मी रागाची तयारी केली होती, रडण्याचीही.

“सांगत होता गं तो,” ती म्हणाली. “एकदाच का मारली ते सांगत होता.”

मी तिला रकान्यांची आठवण करून दिली असती. हे उत्तरही तुझ्याकडूनच काढलेले असेल, असे सांगितले असते. तू पुढे काय दुरुस्त करशील हे त्याला हवे आहे, असे बजावले असते. हे सर्व माझ्या मते खरे होते आणि अजूनही आहे. ती दारात उभी होती, केस न विंचरलेली, आणि चार वर्षांत प्रथमच माझ्याकडे काहीतरी मागत होती.

मी खाली वाकले आणि वायर परत लावली.

राउटरला सुरू व्हायला दीड मिनिट लागते. पहिला दिवा लाल लागतो, मग पिवळा. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून हिरव्याची वाट पाहत उभ्या राहिलो.